आमच्या वाशीला समुद्र नाही

मित्रांनो, ‘वाशी’ म्हटलं की तुमच्यापैकी बहुतेकांना नवी मुंबई आठवते. उंच इमारती, लोकल गाड्या आणि खाडीवरचा लांबच लांब पूल! पण माझं वाशी ते नव्हे बरं का. माझं वाशी धाराशिव जिल्ह्यातलं. (ही गोष्ट २०१८ सालची. तेव्हा जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद होतं.) बालाघाटच्या डोंगररांगेतलं हे तालुक्याचं गाव. चहूकडे ज्वारी, तूर आणि सोयाबीनची रानं. नकाशावर पट्टी ठेवून मोजलं तरी इथून समुद्र तीनशे किलोमीटर लांब!

मी याच तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. त्या वर्षी एकदा चौथीच्या वर्गाला भारताचा नकाशा दाखवत होते. हा अरबी समुद्र, हा बंगालचा उपसागर, हा हिंदी महासागर. सगळं निळंनिळं! तेवढ्यात दोन वेण्या घातलेली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, एवढं पाणी हाय, पर त्याचा आपल्याला काय उपेग?”

वर्ग खो खो हसला. मला मात्र हसू आलं नाही. त्या साली पावसाने मध्येच पाठ फिरवली होती. विहिरी तळाला गेल्या होत्या. ही मुलगी सकाळी दोन खेपा पाणी आणून मग शाळेत यायची. मी पुस्तकातलं उत्तर दिलं. समुद्रातून मासे मिळतात, मीठ मिळतं, जहाजं चालतात. तिचं काही समाधान झालं नाही. खरं सांगू? माझंही झालं नाही. कारण तिशी गाठली तरी मी स्वतः समुद्र पाहिलेलाच नव्हता!

आणि नेमकं त्याच दिवाळीला माझ्या धाकट्या भावाने मुंबईहून फोन केला. तो तिथे नोकरीला आहे. म्हणाला, “ताई, मुंबई ते गोवा बोट सुरू झालीय. ‘आंग्रिया’ नावाची. जेवण, राहायला खोली, सगळं बोटीवरच. मी अण्णांसाठी तिकीट काढतोय. आई आणि तूही चला.”

अण्णा म्हणजे आमचे वडील. सारं आयुष्य कोरडवाहू शेतीत गेलेलं. आईने ऐकल्या ऐकल्या सांगून टाकलं, “तुम्ही जाऊन या. टँकर आला की पाणी कोण भरंल? आन् म्हशीला कोण बघंल?” मी खूप विनवलं, पण ती काही हलली नाही. मलाही मनातून अवघडल्यासारखं झालं. गावात पाण्याची ही दशा आणि आपण बोटीवर मजा करायला जायचं? पण अण्णांनी एका वाक्यात माझं तोंड बंद केलं. म्हणाले, “मला मजा न्हाई करायची. दर मिरगाला मी पावसाची वाट बगत मावळतीकडं तोंड करून हुबा ऱ्हातो. पाऊस कुठनं येतो ते एकदा बगायचंय.”

झालं! आम्ही दोघं रात्रीच्या एसटीने निघालो. पहाटे कंडक्टर ओरडला, “वाशी! चला, वाशीवाले उतरा!” अण्णा दचकून जागे झाले आणि पिशवी उचलून म्हणाले, “आगं, पुन्हा घरी आलो की काय?” सगळी एसटी हसायला लागली. पुढे खाडीचा पूल आला. अण्णांनी खिडकीला नाक लावलं. “हा समुद्र?” “नाही अण्णा, ही खाडी. समुद्राचं पाणी जमिनीत घुसलेलं.” “घुसतंय, पर आपल्यापत्तोर न्हाई आलं,” अण्णा म्हणाले.

दुपारी भाऊच्या धक्क्याजवळच्या गोदीत आम्ही बोट पाहिली. मी बोट म्हणतेय खरी, पण ते तर पांढरंशुभ्र जहाज होतं, शाळेच्या दहा इमारती एकापुढे एक ठेवाव्यात एवढं लांब! तरीही जहाजांच्या जगात हे लहानच म्हणायचं. त्यावर १०४ खोल्या होत्या. हल्लीच्या मोठ्या पर्यटन जहाजांवर हजारो माणसं राहतात. हे जहाज मूळचं जपानी. पूर्वी ते टोकियोहून ओगासावारा नावाच्या दूरच्या बेटांना जायचं. आपल्याकडे आल्यावर त्याला नाव मिळालं ते कान्होजी आंग्र्यांचं. कान्होजी म्हणजे मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल. १७२९ साली ते वारले. ते होते तोवर इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांनाही त्यांनी किनाऱ्यावर सुखाने झोपू दिलं नाही. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरवर समुद्राखाली प्रवाळांचं एक मोठं पठार आहे. त्यालाही त्यांचंच नाव आहे, ‘आंग्रिया बँक’. इथे बँक म्हणजे पैशांची नव्हे हं! समुद्रातल्या उथळ उंचवट्याला बँक म्हणतात.

चारच्या सुमारास भोंगा झाला आणि जहाज हललं. धक्का मागे सरकायला लागला. डाव्या हाताला लांबवर घारापुरीचं बेट, उजवीकडे मुंबईच्या इमारती. बंदरात तेलाची जहाजं, मासेमारीच्या होड्या, नौदलाच्या राखाडी बोटी. मग कुलाब्याच्या टोकापुढचं प्रॉन्ग्ज दीपगृह आलं. १८७५ सालापासून ते पाण्यात उभं आहे. त्याच्या पुढे इमारती संपल्या. आता समोर आणि उजव्या हाताला फक्त पाणी. मी बाराखडीपासून भूगोलापर्यंत सगळं शिकवलंय, पण ‘क्षितिज’ हा शब्द मला त्या दिवशी कळला. आमच्याकडे क्षितिजावर नेहमी काहीतरी असतं. एखादं झाड, एखादी टेकडी, विजेचा खांब. इथे काहीच नव्हतं. नुसती एक सरळ रेघ.

वरच्या मजल्यावर पोहण्याचा एक छोटा हौद होता. अण्णा त्याच्याकडे पाहतच राहिले. “चारी बाजूला पाणी, आन् मधी आणखी पाण्याचा हौद?” शेजारी बसलेले एक काका मोठ्याने हसले. ते दापोलीकडचे. सारी नोकरी जहाजांच्या इंजिनात काढून निवृत्त झालेले. ते म्हणाले, “आजोबा, समुद्रावर गोड्या पाण्याची किंमत तुम्हा मराठवाड्याच्या लोकांइतकीच आम्हालाही माहीत. प्यायचं पाणी बंदरात टाक्या भरून घ्यायचं, नाहीतर जहाजावरच्या यंत्राने खाऱ्याचं गोडं करायचं. आमच्या वेळी तर रोजच्या पाण्याची वहीत नोंद व्हायची. वापरलं किती, उरलं किती.”

अण्णांचा चेहरा एकदम खुलला. “म्हंजी तुमच्याकडंबी टँकरच!”

त्या दोघांची तिथे गट्टी जमली. काका जगभर फिरलेले. त्यांनी भूमध्य समुद्राच्या गोष्टी सांगितल्या. युरोप, आफ्रिका आणि आशिया या तीन खंडांच्या मध्ये सापडलेला समुद्र, म्हणून ‘भूमध्य’. त्या समुद्रावर अशी लहान जहाजं आठ-आठ दहा-दहा दिवस फिरतात. आज ग्रीसचं एखादं बेट, उद्या इटलीचं एखादं गाव. मोठ्या जहाजाला मोठं बंदर लागतं. लहान जहाज मात्र छोट्याशा गावाच्या धक्क्यालाही लागतं. “आणि तिथे भरती-ओहोटी फारशी नसते,” काका म्हणाले. “आपल्या मुंबईत भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. तिथे बहुतेक ठिकाणी हातभर. पाणी मात्र आपल्यापेक्षा खारट. आपल्या समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, तिथे ३८.” असं का? कारण तिथे ऊन कडक आणि पाऊस कमी. जेवढं पाणी वाफ होऊन जातं, तेवढं नद्या आणि पाऊस मिळून भरून देत नाहीत.

मग काकांनी सहज विचारलं, “तुमच्या भागाचा समुद्राशी कधी संबंधच आला नसेल, नाही?”

मी काही बोलणार, तोच अण्णा म्हणाले, “आला नसंल कसा? तेरचं नाव ऐकलं न्हाई का तुम्ही?”

मित्रांनो, तेर म्हणजे संत गोरा कुंभारांचं गाव. आमच्या वाशीपासून दीड-दोन तासांच्या वाटेवर. अण्णा तिथे दरसाल दर्शनाला जातात. तिथेच रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. मी शाळेची सहल नेली होती, तेव्हा अण्णाही बरोबर आले होते. तिथल्या मार्गदर्शकांनी सांगितलेलं सगळं त्यांना पाठ! राहिलेलं मी सांगितलं.

तेरचं जुनं नाव तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची माहितीपुस्तिका लिहिली. कोणत्या बंदरात काय विकतं, काय मिळतं, वाटेत खडक कुठे, सगळं. तिचं नाव ‘पेरिप्लस’. तिच्यात पैठणचं आणि तगरचं नाव आहे! तगरहून तलम मलमल आणि जाडंभरडं कापड गाड्यांतून निघायचं. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तगर तिथून आणखी दहा दिवस पूर्वेला. म्हणजे महिनाभर गाडीवाट! भडोचला माल जहाजात चढायचा. मोसमी वाऱ्यावर शिडं फुगवून ही जहाजं तांबड्या समुद्रात जायची. सुएझ कालवा झाला १८६९ साली. तो तेव्हा कुठला असायला! म्हणून माल उतरवून वाळवंटातून उंटांवर नाईल नदीपर्यंत, तिथून होड्यांनी अलेक्झांड्रियाला आणि मग भूमध्य समुद्रातून इटलीला. परतीच्या जहाजांतून भडोचला काय यायचं माहीत आहे? इटलीची द्राक्षाची दारू, काच, पोवळी आणि सोन्याचांदीची नाणी.

तेरच्या संग्रहालयात हस्तिदंताची एक सुबक बाहुली आहे. अगदी तशाच घडणीची एक बाहुली १९३८ साली इटलीत पाँपेई गावच्या उत्खननात सापडली. पाँपेई तर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. म्हणजे त्याच्याही आधी आपल्या देशातली बाहुली तिथल्या कुणाच्या तरी घरात पोचली होती! आणखी एक गंमत. पुढे कोकणावर राज्य करणारे शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपूरचे स्वामी’ म्हणवून घ्यायचे. समुद्राकाठी राहून अभिमान बाळगायचे तो आमच्या तेरचा!

काका थक्क झाले. म्हणाले, “बाई, मी तीस वर्षं त्या समुद्रात गेलो-आलो. तुमच्या गावचा माल माझ्याआधी तिथे जाऊन आलाय हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.” अण्णा मिशीतल्या मिशीत हसत होते.

डावीकडे खांदेरी-उंदेरीची बेटं दिसली. खांदेरीचा किल्ला शिवाजी महाराजांनी १६७९ साली बांधायला घेतला, तोही इंग्रजांच्या नाकावर टिच्चून. आता त्या बेटाला कान्होजी आंग्रे बेट म्हणतात. उजवीकडे सूर्य बुडाला. आमच्याकडे सूर्य डोंगराआड जातो. इथे तो खरोखरच पाण्यात बुडाला, कोर कोर करत.

आणि इथवर आनंदीआनंद असताना माझं पोट ढवळायला लागलं! लाटा काही फार मोठ्या नव्हत्या. जहाज नुसतं डोलत होतं. पण मला ते सोसेना. मोठ्या हौसेने वाढून घेतलेलं जेवण तसंच राहिलं. काकांनी आल्याचा तुकडा चघळायला दिला. म्हणाले, “खोलीत पडून राहू नका. मोकळ्या हवेत बसा आणि लांब एका जागी नजर ठेवा.” त्याचं कारणही सांगितलं. आपल्या कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो, ‘तू हलतोयस’. बंद खोलीत डोळे सांगतात, ‘कुठे काय, सगळं तर स्थिर आहे’. मेंदूचा गोंधळ उडतो आणि पोट ढवळतं. अण्णांना मात्र काही झालं नाही. “बैलगाडीत बसल्यावानी वाटतंय,” म्हणाले आणि माझ्या वाटणीची बासुंदीही संपवली.

रात्री डावीकडे किनाऱ्यावर दीपगृहं लुकलुकत होती. प्रत्येक दीपगृहाची लुकलुक वेगळी असते. कुणी ठरावीक सेकंदांनी एकदा चमकतं, कुणी दोनदा, कुणी तीनदा. ते मोजून खलाशी ओळखतात, आपण कुठे आलो. अंधारातली हजेरीच जणू! उजवीकडे मात्र एकही दिवा नव्हता. अण्णा त्या बाजूचा कठडा धरून उभे होते. बराच वेळ. मग हळूच म्हणाले, “हिकडनंच येतो ना गं पाऊस?”

मी म्हटलं, “हो अण्णा. उन्हाने या पाण्याची वाफ होते. मीठ खाली राहतं, वाफ वर जाते. जूनमध्ये वारे तिला ढकलत आणतात. सह्याद्री आडवा येतो, म्हणून बरंचसं पाणी कोकणात आणि घाटातच पडतं. तिथे अडीच-तीन हजार मिलिमीटर किंवा त्याहूनही जास्त, आणि आपल्याकडे चांगल्या साली सात-आठशे. थोडा पाऊस आपल्याला बंगालच्या उपसागराकडूनही येतो.”

“म्हंजी सह्याद्री हा आपला वरच्या अंगाचा शेजारी. पाटाचं पानी आदी तो घेतो, उरलं तर आपल्याला,” अण्णा म्हणाले. मी एवढी वर्षं पर्जन्यछायेचा प्रदेश शिकवतेय. इतकं सोपं करून मला कधी सांगता आलं नव्हतं.

सकाळी उठून बाहेर आलो तर गोव्याचा किनारा दिसत होता. मुरगाव बंदरात जहाज लागलं. दिवसभर आम्ही गोव्यात फिरलो आणि संध्याकाळी एका किनाऱ्यावर गेलो. अण्णांनी धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं आणि पाण्यात उतरले. ओंजळ भरली, डोळ्यांना लावली, जिभेवर थेंब घेतला आणि तोंड वाकडं केलं. मग पिशवीतून पाण्याची अर्ध्या लिटरची रिकामी बाटली काढून ती समुद्राच्या पाण्याने भरली. मी विचारलं, “हे कशाला?” म्हणाले, “तुझ्या आईला. ती आली न्हाई ना.”

आईने ते पाणी चाखलं, हसली आणि म्हणाली, “हे शाळंत ने. पोरं बगतील तरी.”

सुट्टी संपल्यावर मी बाटली वर्गात नेली. प्रत्येकाने बोट बुडवून चव घेतली. “थू! लई खारट!” मग आम्ही ते पाणी एका परातीत ओतलं, वर पातळ फडकं बांधलं आणि परात उन्हात ठेवली. दोन वेण्यांवाली रोज मधल्या सुट्टीत फडकं उचलून पाहायची. पाणी कमी कमी होत गेलं. शेवटी एक दिवस परातीत फक्त पांढरी खर उरली. खरवडून गोळा केली तर तीन-चार छोटे चमचे मीठ निघालं.

मी विचारलं, “मीठ तर इथे आहे. पाणी कुठे गेलं?”

“वर,” ती म्हणाली. मग थोडा वेळ थांबली. “बाई, म्हंजी आपल्यावर पडतंय ते पाणी समुद्रातलंच हाय?”

“हो गं. मीठ तिथेच ठेवून आलेलं.”

मग मी फळ्यावर नकाशा काढला. आमच्या तालुक्यात तेरखेड्याजवळ तेरणा नदी उगम पावते. ती तेरवरून वाहत जाते, मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. अरबी समुद्रातून निघालेला पाण्याचा थेंब वाशीच्या रानात पडतो आणि वाहत वाहत दुसऱ्या समुद्राला जातो. म्हणजे आमचं गाव दोन समुद्रांच्या वाटेवरच आहे म्हणा ना!

मुलं खूश झाली. पण ती मुलगी अजून उभीच होती. “मग बाई, औंदा का न्हाई आला?”

याचं सोपं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि खोटं उत्तर मला द्यायचं नव्हतं. मी म्हटलं, “वारे दरवर्षी सारखे वाहत नाहीत. ते का बदलतात, याचा अभ्यास मोठमोठे शास्त्रज्ञ करताहेत. तू शीक आणि तूही शोध. पण आला थेंब की त्याला पळू द्यायचं नाही, रानातच मुरवायचं, एवढं तर आपण करू शकतो ना?” पुढच्या उन्हाळ्यात आम्ही शाळेच्या छपराचं पाणी जमिनीत मुरवायला एक शोषखड्डा खणला. पहिली कुदळ अण्णांनी मारली.

‘आंग्रिया’ची ती सेवा २०२० साली कोरोनाच्या साथीत थांबली. पण त्याच वर्षी मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट सुरू झाली. मोटारगाड्याही पोटात घेऊन ती तासाभरात पलीकडे पोचवते. आणि ती बोट कुठे बांधलीय ठाऊक आहे? ग्रीसमध्ये, भूमध्य समुद्राच्या काठी! आमच्या शाळेची सहल एकदा त्या बोटीने न्यायची, असं मी ठरवलंय. आणि या वेळी म्हशीची सोय आधी करून आईलाही घेऊन जायचं.

तुमच्या गावाला समुद्र नसला तरी एक करा. तुमच्या गावचा ओढा कोणत्या नदीला मिळतो आणि ती नदी कोणत्या समुद्राला, हे नकाशात बोटाने शोधून पाहा. आईबाबांनाही सोबत घ्या. बोट थांबेल तिथे समुद्रच असेल, बघा!